मिनी ट्रॅक्टर वाहून न्यायला ट्रॉली कोणत्या मापाची घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात मोसंबी, द्राक्ष, केळी, ऊस आणि कापसाच्या पट्ट्यात मिनी ट्रॅक्टर आता घरोघरी दिसतो. कुणाची जमीन दोन-तीन शिवारांत विखुरलेली असते, कुणी भाड्याने रोटर, म्हणजे माती फोडणारा रोटाव्हेटर, मारतो, कुणी सासुरवाडीकडची बागही बघतो. मग यंत्र एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचा प्रश्न येतो. ट्रॉली बनवायला टाकण्याआधी लोक जे विचारतात, त्याची ही उत्तरं.

मिनी ट्रॅक्टर ट्रॉलीत घालून न्यायची गरजच काय? चालवत नेला तर?

आठ-दहा किलोमीटरपर्यंत खुशाल चालवत न्या. त्यापुढे मात्र हिशोब बदलतो. मिनी ट्रॅक्टर रस्त्यावर ताशी २०-२५ किलोमीटरच्या वर फारसा पळत नाही. शेतीच्या टायरची नक्षी डांबरावर झपाट्याने झिजते, आणि तास मोजणाऱ्या मीटरवर कामाचे नसलेले तास चढतात ते वेगळंच. रोज लांबच्या गावी भाड्याचं काम असेल तर ट्रॉली परवडते. वर्षातून चार वेळाच न्यायचा असेल तर ट्रॉली बनवूच नका, पिकअप भाड्याने घ्या.

मापाची सुरुवात कुठून करायची?

यंत्रापासून, आणि टेप घेऊन. माहितीपत्रकातली लांबी बहुतेकदा अवजाराशिवायची असते. शेतात निघताना मागे रोटाव्हेटर असतोच, कधी पुढे वजनाच्या पट्ट्याही असतात. म्हणून अवजार जोडून, ते उचललेल्या अवस्थेत, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मोजा. रुंदी चाकांच्या बाहेरच्या कडांपासून घ्या. चाकांतलं अंतर कमी-जास्त करता येत असेल तर सर्वांत रुंद माप धरा. उंची स्टिअरिंगपर्यंत एकदा, आणि छत किंवा सुरक्षा कमान असेल तर तिच्यापर्यंत दुसऱ्यांदा. चौथं माप लोक विसरतात: पोटाखालची मोकळी जागा. यंत्र चढवायच्या शिडीवरून पाटावर, म्हणजे ट्रॉलीच्या तळावर, येताना जो कोपरा होतो तिथे पोट टेकतं.

२०-२७ एचपीचा मिनी ट्रॅक्टर अवजाराशिवाय साधारण आठ-नऊ फूट भरतो आणि तीन ते चार फूट रुंद असतो. रोटाव्हेटर जोडला की लांबीत दोन-अडीच फुटांची भर पडते.

वजन किती धरायचं?

बाजारातले मिनी ट्रॅक्टर वजनात फार वेगवेगळे आहेत. स्वराज कोड साडेचारशे किलोच्या आसपास, कुबोटा निओस्टारची २४ आणि २७ एचपीची मॉडेलं साडेसहाशेच्या आसपास, तर महिंद्रा युवराज २१५ अवघा १५ एचपीचा असून जवळपास पावणेआठशे किलो. एचपी बघून वजनाचा अंदाज बांधू नका, एवढं यावरून कळतं.

त्यात रोटाव्हेटरचे दीडशे-दोनशे किलो घाला. टायरमध्ये पाणी भरलं असेल तर तेही. डिझेलचा कॅन, हत्यारांची पेटी, आणि वाटेत कुणीतरी टाकलेली दोन पोती. कंपनीचा आकडा खरा मानायचा नसेल तर बुदनीच्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेचे चाचणी अहवाल बघा, त्यात वजन आणि मापं मोजून दिलेली असतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे जवळच्या जिनिंगच्या किंवा साखर कारखान्याच्या काट्यावर सगळ्या सरंजामासह एकदा चढवणं. पावती जपून ठेवा, पुढे वर्कशॉपवाल्याला दाखवता येते.

एक टनाचा बोजा असेल तर पाट, एक्सल आणि टायर दीड टन पेलणारे असावेत. आपल्या रस्त्यांवर खड्ड्यात आदळलेलं चाक बसल्या वजनाहून कितीतरी जास्त ओझं सोसतं.

नेहमीची १० बाय ६ ची ट्रॉली चालेल का?

रोटाव्हेटर काढून नेणार असाल तर चालेल. जोडून नेणार असाल तर नाही. साडेदहा-अकरा फुटांचं यंत्र दहा फुटांत घातलं की मागचा फाळका उघडा ठेवावा लागतो, आणि रोटाव्हेटरची पाती मागच्या मोटारसायकलवाल्याच्या छातीच्या उंचीवर लोंबतात. कायद्यानेही बोजा पाटाबाहेर काढणं महागात पडतं: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये बाजूने, पुढून, मागून किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेलेल्या मालासाठी २० हजार रुपये दंड आहे. वर माल उतरवायचा खर्च.

रोटाव्हेटरसह नेणाऱ्याने पाट आतून १२ फूट धरावा. पुढे-मागे सहा-सहा इंच मोकळे राहिले की साखळी बांधायला हात जातो आणि यंत्र थोडं मागे-पुढे सरकवून तोल साधता येतो. १४ फुटांच्या मोहात पडू नका. लांब ट्रॉली गावातल्या वळणावर, शेताच्या अरुंद वाटेवर, आणि नाल्यावरच्या नळकांडी पुलावर त्रास देते. शिवाय मोकळी जागा दिसली की माणूस तिथे काहीतरी लादतोच.

लांबी, रुंदी, उंची यांत सर्वांत महत्त्वाचं काय?

उंची. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आपल्याकडची नेहमीची ट्रॉली धान्य, ऊस, शेणखत वाहायला घडवलेली आहे. तिला बहुधा ट्रकचे ९.०० बाय २० चे टायर असतात, त्यांची उंचीच जवळपास ४० इंच. पाट टायरच्या वर असल्याने जमिनीपासून साडेतीन फुटांवर जातो. शेणखत फेकायला त्याने काही बिघडत नाही. चाकांवर चालणारं यंत्र एवढं वर चढवायचं म्हणजे मात्र जिवाशी खेळ.

हिशोब करून बघा. पाट ४० इंच उंच आणि शिडी आठ फुटांची असेल तर चढ साधारण २५ अंशांचा होतो. मागे रोटाव्हेटर लटकलेला मिनी ट्रॅक्टर असल्या चढावर पुढची चाकं उचलतो. शिडी दहा फुटांची केली तर चढ साडेएकोणीस अंशांवर येतो, पण दहा फुटांची लोखंडी चॅनेलची एकेक शिडी ४० किलोच्या वर भरते. ती रोज उचलणार कोण?

आता पाट २४ इंचांवर आणा. सहा फुटांच्या शिडीने तोच साडेएकोणीस अंशांचा चढ मिळतो, आणि आठ फुटांच्या शिडीने तो साडेचौदा अंशांवर येतो. दोन फूट उंचीचा पाट आणि आठ फुटांची शिडी ही जोडी धरून चाला. चढ १५ अंशांच्या आत राहिला की नवखा गडीही घाबरत नाही.

पाट खाली आणायचा तर टायर लहान लागतात. ७.५० बाय १६ चे टायर ३१-३२ इंच उंच असतात, म्हणजे एक्सल जमिनीपासून १५ इंचांवर येतो. पाट टायरच्या वर न ठेवता दोन टायरांच्या मधे बसवला की उंची २२ ते २४ इंचांत बसते. दीड टनाच्या कामाला या टायरची जोडी पुरते.

पाट खाली आल्याने यंत्राचा भारही खाली येतो, आणि वळणावर ट्रॉली कलंडायचा धोका कमी होतो. शिवारातल्या लोंबत्या विजेच्या तारांखालून जातानाही तोच दीड फूट उपयोगी पडतो. छत किंवा कमान असलेला ट्रॅक्टर उंच ट्रॉलीवर चढवला की दहा फुटांच्या वर जातो. कमान घडीची असेल तर ती पाडून न्या.

मग रुंदी किती ठेवायची?

टायरांच्या मधे बसणाऱ्या पाटाला आतून पाच फूट पुरे. चार फुटांचं यंत्र मधोमध उभं राहिलं की दोन्ही बाजूंना सहा इंच राहतात. पाट सहा फूट केला आणि टायर बाहेर धरले तर एकूण रुंदी साडेसात-आठ फुटांवर जाते. कायद्याची मर्यादा २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट आहे, तिच्या आत बसतं खरं. पण वस्तीवरच्या गाडीवाटेला कायदा माहीत नसतो.

दोन चाकी घ्यावी की चार चाकी?

एका मिनी ट्रॅक्टरसाठी दोन चाकी, म्हणजे एकाच एक्सलची. ती स्वस्त पडते, मागे घ्यायला सोपी जाते, बांधावरून उतरताना अडत नाही. चार चाकी ट्रॉली फिरत्या पुढच्या एक्सलमुळे मागे घेताना नवख्याला रडवते. दोन यंत्रं एकदम न्यायची असतील, किंवा बोजा अडीच टनांच्या वर जात असेल, तरच तिचा विचार करा.

दोन चाकीचा एकच दोष ध्यानात ठेवा. यंत्र शिडीवरून पाटाच्या मागच्या टोकावर आलं की सगळा भार एक्सलच्या मागे पडतो, शेपूट खाली दबते आणि पुढचा दांडा ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागून वर खेचतो. त्याची मागची चाकं हलकी झाली की हँडब्रेक असूनही तो सरकतो. म्हणून मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली घोडी, म्हणजे टेकू, लावल्याशिवाय यंत्र चढवायचं नाही. वर्कशॉपमध्येच घडी होणारे दोन पाय वेल्ड करून घ्या.

ट्रॉलीवर यंत्र नेमकं कुठे उभं करायचं?

दांड्यावर थोडा भार पडला पाहिजे, फार नाही. एकूण बोज्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास.

समजा ट्रॉली जोडायच्या पिनपासून एक्सल दहा फुटांवर आहे आणि यंत्र अवजारासह ९०० किलो आहे. त्याचा तोलबिंदू एक्सलच्या एक फूट पुढे आला तर दांड्यावर ९० किलो पडतात. हे योग्य. तोच बिंदू एक फूट मागे गेला तर दांडा ९० किलोंनी वर उचलला जातो, ट्रॉलीच्या स्वतःच्या नाकाचं वजन त्यातलं काही खातं, पण वेगात ट्रॉली शेपूट हलवायला लागते. उलट यंत्र फारच पुढे दामटलं तर ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं.

रोटाव्हेटर जोडलेल्या मिनी ट्रॅक्टरचा तोलबिंदू मागच्या चाकांच्या थोडासा पुढे असतो. तेव्हा मागची चाकं एक्सलच्या जवळपास येतील असं यंत्र उभं करून दांडा हाताने उचलून बघा. दोन माणसांना उचलायला जड गेला तर जागा बरोबर. सहज उचलला तर यंत्र पुढे घ्या. एकदा जागा सापडली की पाटावर पुढच्या चाकांसमोर आडवा अँगल वेल्ड करून टाका, रोज अंदाज करायला नको. अवजार बदललं तर जागाही बदलते. रोटरऐवजी हलका वखर लावून निघालात तर ते यंत्र थोडं मागे घ्यावं लागतं.

यंत्र पुढून चढवायचं की मागून?

जड बाजू नेहमी चढाच्या वरच्या अंगाला. मागे रोटाव्हेटर असेल तर मागून (रिव्हर्समध्ये) चढवा आणि उतरवताना पुढून उतरवा. पण मघाचं गणित इथे उलटं होतं: मागून चढवलेल्या यंत्राची जड बाजू दांड्याकडे येते, म्हणून अँगलची जागा तशी धरून बसवा.

सर्वांत खालचा गिअर, दोन्ही ब्रेक पॅडल जोडलेले, शिडीवर क्लचला पाय लावायचा नाही आणि दिशा बदलायची नाही. वाकडं गेलं तर पूर्ण खाली येऊन पुन्हा सरळ घ्या. शिडीच्या बाजूला उभं राहून "आण, आण" करणाऱ्यांना आधी लांब करा, यंत्र घसरलं तर पहिला बळी त्यांचाच. शिड्या पाटाला हुकाने अडकलेल्या हव्यात, नुसत्या टेकवलेल्या नकोत.

शिडी नसेल तेव्हा आपले लोक बांधाला ट्रॉली लावतात, किंवा ट्रॉलीची चाकं खड्ड्यात उतरवतात. बांध घट्ट असेल तर हरकत नाही. पाऊस पडून गेलेला काळ्या मातीचा बांध मात्र चाकाखाली सरकतो, तिथे हा प्रयोग नको.

यंत्र ट्रॉलीवर बांधायचं कसं?

दोरीने नाही. चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र साखळ्या किंवा रॅचेटचे पट्टे, पुढचे पुढे ओढणारे, मागचे मागे. हूक चेसीला किंवा एक्सलच्या घराला लावा, स्टिअरिंगच्या टायरॉडला कधीच नको. अवजार पाटावर टेकवून ठेवा, हवेत ठेवलं तर हायड्रॉलिक हळूहळू उतरते आणि पट्टे सैल पडतात. गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकांना ठोकळे. पाच-सहा किलोमीटरवर थांबून पट्टे एकदा आवळा. बॉनेटची कडी तपासा, मागून चढवलेल्या यंत्राचं बॉनेट वाऱ्याने उघडत नाही, पण पुढून चढवलेल्याचं उघडू शकतं.

ओढायला केवढा ट्रॅक्टर लागतो? आणि घाटात?

बोजा टनभर, ट्रॉली आठशे-हजार किलोची, म्हणजे एकूण दोन टन. सपाटीला ३५ एचपीचा ट्रॅक्टर हे आरामात ओढतो. ओढण्याची अडचण नसतेच, अडचण थांबवण्याची असते. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. मांजरसुंब्याच्या, अंबाजोगाईच्या किंवा कन्नडच्या घाटात उतरताना मागचे दोन टन पुढच्याला ढकलतात. ट्रॅक्टर हलका असेल तर वळणावर ट्रॉली त्याला आडवी येते. म्हणून ओढणारा ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉलीइतका वजनदार असावा, निदान जवळपास. ज्या गिअरने घाट चढला असता त्याच गिअरने उतरा. न्यूट्रलवर सोडून डिझेल वाचवणारे आजही भेटतात, त्यांच्या मागे गाडी ठेवू नका. पिनेला कुलूपकडी आणि दांड्याला जोडसाखळी, हे दोन्ही हवंच.

एका मिनी ट्रॅक्टरने दुसरा मिनी ट्रॅक्टर वाहायचा बेत असेल तर सोडून द्या.

छोटा हत्ती किंवा पिकअपमध्ये बसेल का?

टाटा एसच्या हौद्याची लांबी सव्वासात फुटांच्या आसपास आणि वाहतूक क्षमता ७५० किलोची. स्वराज कोडसारखं हलकं यंत्र वजनाने बसतं; रोटाव्हेटरसह २४ एचपी ना लांबीत बसतं ना वजनात. पिकअपचा हौदा मॉडेलनुसार आठ ते दहा फुटांचा आणि क्षमता सव्वा टनाच्या वर असते, तिथे रोटाव्हेटर काढून यंत्र बसतं, रोटर शेजारी उभा करता येतो. हौद्याची उंची अडीच फुटांच्या खाली मिळत नाही, म्हणून शिडीचा प्रश्न तिथेही आहेच.

यूटीव्हीसाठी (रानवाटांवर चालणाऱ्या छोट्या चारचाकीसाठी) हीच ट्रॉली चालेल?

कृषी पर्यटनवाले आणि मोठे बागायतदार असली गाडी घेतात तेव्हा विचारतात. दोन-तीन आसनी यूटीव्ही साधारण नऊ ते दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असते. सहा आसनी साडेबारा फुटांच्या पुढे जाते. लांबीत १२ फुटांचा पाट दोन-तीन आसनी गाडीला पुरतो, पण पाच फुटांची रुंदी पुरत नाही. तिथे पाट सहा फुटांचा करावा लागेल आणि शिड्यांमधलं अंतर वाढवावं लागेल. सहा आसनीला १४ फूट. यूटीव्हीला मऊ स्प्रिंग असतात, म्हणून बांधताना गाडी थोडी खाली दाबून पट्टे आवळा, नाहीतर खड्ड्यागणिक ती उसळते आणि पट्टे ढिले होतात.

पावसाळ्यात काळ्या रानात काय करायचं?

ट्रॉली रानात न्यायचीच नाही. परभणी, हिंगोली, नांदेडच्या भारी जमिनीत जुलै-ऑगस्टमध्ये भरलेली ट्रॉली एक्सलपर्यंत रुतते, आणि लहान टायर तर आधी रुततात. कमी उंचीच्या ट्रॉलीची ही एकच खरी उणीव. पक्क्या रस्त्यावर थांबून यंत्र उतरवा आणि तिथून चालवत न्या. उतरवताना घोडीखाली रुंद फळी ठेवा, नाहीतर पाय मातीत घुसतो.

कागदपत्रं काय लागतात?

ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी होते. तिचा स्वतःचा क्रमांक ट्रॉलीच्या बाजूवर असावा लागतो आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांक ट्रॉलीच्या मागे दिसला पाहिजे. वर्कशॉपमध्ये बनवून घेणार असाल तर आरटीओत नोंदणीसाठी लागणारी कागदं मालक देतो का, ते आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा. क्षमतेपेक्षा जास्त बोजा सापडला तर २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे. शेतीकामासाठी नोंदलेल्या ट्रॉलीतून भाडं घेऊन दुसऱ्याचं यंत्र वाहणार असाल तर आरटीओत आणि विमा कंपनीत आधी बोला. अपघात झाल्यावर दाव्याच्या वेळी हाच मुद्दा निघतो.

मागे लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवे. गळीत हंगामात रात्रीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत तुमची बुटकी ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसतच नाही. फाळक्यावर उभी काठी लावून तिला रिफ्लेक्टर बसवा.

बचत गटाला योजनेत मिळालेला ट्रेलर यासाठी वापरता येईल?

अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी समाजकल्याण विभागाची योजना आहे, त्यात ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि उपसाधनं ९० टक्के अनुदानावर मिळतात, ट्रेलर त्यातलाच. तो मिनी ट्रॅक्टरने ओढायचा असतो. त्याच्या एक्सलवर मिनी ट्रॅक्टर चढवून मोठ्या ट्रॅक्टरला जोडू नका.

जुन्या ट्रॉलीचीच उंची कमी करून घेता येईल का?

टायर बदलून चार-पाच इंच कमी होतात, तेवढ्यासाठी खर्च करू नका. पाट कापून टायरांच्या मधे बसवायचा तर एक्सल, चॅनेल, दांडा सगळंच नवं होतं. त्या पैशात नवी बनते. जुनी आहे ती धान्याला राहू द्या. अगदीच भागवायचं असेल तर जुन्या ट्रॉलीसाठी दहा फुटांच्या, मधे घडी होणाऱ्या शिड्या आणि मागे भक्कम घोड्या करून घ्या.

वर्कशॉपवाल्याला नेमकं काय सांगायचं?

तोंडी सांगू नका, कागदावर द्या. पाट आतून १२ बाय ५ फूट, टायरांच्या मधे, उंची रिकाम्या ट्रॉलीला २४ इंचांच्या आत, टायर ७.५० बाय १६. बोजा दीड टन. मागे घडीचे दोन पाय. हुकाच्या आठ फुटांच्या दोन शिड्या, वर आडव्या सळया. बांधायला निदान आठ कड्या. फाळका पूर्ण काढता येणारा. जालन्याच्या मिलचं लोखंड सगळीकडे मिळतं, तेव्हा भाव किलोवर ठरवा आणि तयार ट्रॉली काट्यावर तोलून मगच शेवटचे पैसे द्या. एक्सल जुना, भंगारातला घालायचा आग्रह होतो. तो मान्य करू नका, बाकी कुठे काटकसर करायची ती करा. रंग तुमच्या आवडीचा.